धरला, सोडला, मोडला आणि ठाऊक नाही

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. पण मला टोपी नाही, हातात छडी नाही, आणि तुमच्या शाळेत मी कधी येणारही नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका पहिल्या मजल्यावर छोटीशी कचेरी आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकात माझा मुक्काम असतो. मी एक प्रोग्राम आहे. दुसरे प्रोग्राम वाचायचे आणि त्यांत कुठे धोका आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम.

तुम्ही म्हणाल, प्रोग्राम चालवून पाहिला की चूक कळतेच की. कळते, खरं आहे. पण आमच्या कचेरीत टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचे प्रोग्राम तयार होतात. ते चालवून पाहायचे म्हणजे माग चालवायचा, आणि मागाजवळ माणूस उभा असतो. म्हणून तो प्रोग्राम मागात जाण्याआधी मी वाचतो. चालवत नाही, नुसता वाचतो. वाटेत फाटा आला, 'धागा तुटला तर इकडे, नाहीतर तिकडे' असं आलं, की मी दोन्हीकडे जाऊन येतो. जाताना प्रत्येक गोष्टीची अवस्था मनात धरून असतो. इथे माग थांबलेला आहे, इथे चालू आहे, इथे ब्रेक लागलेला आहे, असं. पुढे दोन्ही वाटा परत एकत्र आल्या, की दोन्हीकडच्या आठवणी शेजारी ठेवून पाहतो. जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर खोटं बोलत नाही. सरळ सांगतो, 'ठाऊक नाही.'

हे मला निवेदिताताईंनी शिकवलं. त्यांनीच मला घडवलं.

ताई सकाळी सगळ्यांच्या आधी यायच्या. केस नुकते धुतलेले, कपाळावर बारीक गंध, पिशवीत एक कण्हेरीचं फूल. ते फूल माझ्या पडद्याच्या खालच्या कडेला ठेवायचं, तोंडातल्या तोंडात नाम घ्यायचं, आणि मग हळूच म्हणायचं, "हं, चल." की मी चालू. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. माझं काही चुकलं, तर त्या कळफलकावरचे हात मांडीवर घेऊन थोडा वेळ नुसत्या बसायच्या. मग बांगड्यांचा बारीक आवाज यायचा आणि माझी चूक दुरुस्त व्हायची.

माझा जन्म एका प्रश्नातून झाला. तो प्रश्न ताईंच्या आईंचा, गोदावरीबाईंचा. त्या दर गुरुवारी उपास करायच्या, आणि त्यांना हल्ली विसर पडू लागला होता. ताई दिवसभर कचेरीत. संध्याकाळी घरी पोचल्या की आई दारातच विचारायच्या, "निवे, मी उपास सोडला का गं?"

ताई घरात नव्हत्या, त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. मग त्या खुणा बघायच्या. नैवेद्याची वाटी धुतलेली आहे का? निरांजनातली वात जळलेली आहे का? ताट ओलं आहे का? सगळ्या खुणा एकच सांगत असल्या तर उत्तर सोपं. पण कधी वाटी धुतलेली असायची आणि वात मात्र कोरी. असं झालं की ताई खोटी समजूत घालायच्या नाहीत. म्हणायच्या, "ठाऊक नाही, आई."

आणि आई शांतपणे म्हणायच्या, "मग धरलेलाच समज. नैवेद्य दाखवते, मग खाते."

एका शुक्रवारी ताई कचेरीत आल्या, फूल ठेवलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या आशिषसरांना म्हणाल्या, "आशिष, मागाचं कुलूप म्हणजे उपासच की रे."

"आता मागालाही उपास धरायला लावणार का ताई?" आशिषसर हसले.

"धरतोच तो. धागा तुटला की माग थांबतो, त्याला कुलूप लागतं. त्याचा उपास सुरू. मग बाईमाणूस आत हात घालून धागा बांधते. ती हात काढून बटण दाबेल तेव्हा उपास सुटला. तोवर त्यानं जागचं हलायचं नाही."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटात चार शब्द आले. धरला, सोडला, मोडला आणि ठाऊक नाही. मागानं कुलूप लावलं तर 'धरला'. बाईनं बटण दाबून उघडलं तर 'सोडला'. मध्येच लाईट गेली आणि कुलूप आपोआप गळून पडलं तर 'मोडला'. आणि कुठल्या वाटेनं काय झालं हे सांगता येत नसेल तर 'ठाऊक नाही'. नियम एकच होता. नुसता 'सोडला' असेल तेव्हाच माग सुरू करायला परवानगी. बाकी तिन्ही वेळा मी ओरडायचो.

मी खूप ओरडायचो. आशिषसर वैतागायचे. "ताई, तुमचा हा तपासनीस! याला काही विचारलं की ठाऊक नाही, ठाऊक नाही. परीक्षेला बसवला असता तर नापास झाला असता."

"त्याला नापास होऊ दे," ताई म्हणायच्या. "खालच्या मागावर श्रीदेवीचे हात आहेत."

श्रीदेवी म्हणजे तळमजल्यावरच्या चाचणीच्या मागावर काम करणारी बाई. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची, बोलताना कानडी हेल. खालचा तो एकच माग आमचा स्वतःचा. तो सुरू झाला की माझं टेबल बारीक थरथरायचं. मला त्याच्या सगळ्या वाटा पाठ होत्या, पण फणी कशी हलते, टॉवेलचे फास कसे उभे राहतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. अजूनही पाहिलेलं नाही. मी काही चालवत नाही ना, मी नुसता वाचतो. तो माग थरथरला की मला वाटायचं, एकदा कुणीतरी मला उचलून खाली न्यावं. श्रीदेवी कधी वर आली की पडद्यावरची धूळ पदरानं पुसायची आणि म्हणायची, "वर देव, खाली मी, मधी हा तुमचा डब्बा. बरं चाललंय की वो!"

ती माझी चांगली वर्षं होती. बाहेरचे लोक यायचे. कचेरीचे मालक मुकुंदसर त्यांना माझ्यापुढे आणून उभे करायचे. "आमच्याकडून एकही प्रोग्राम याच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही," असं सांगायचे. ताई मागे उभ्या असायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मग गोदावरीबाईंचा विसर वाढला. आपलं बार्शीचं घर, तिथलं देवघर, तिथली हाताखालची भांडी हवी, म्हणून त्या रडायच्या. ताईंनी बार्शीच्या कॉलेजात शिकवायचं काम धरलं आणि सोलापूर सोडलं. जायच्या दिवशी त्यांनी फूल ठेवलं, पण "हं, चल" म्हणाल्या नाहीत. पडद्यावर हात ठेवला आणि आशिषसरांना म्हणाल्या, "याचं डॉक्युमेंटेशन राहिलं. कोणती अवस्था का ठेवली, ते तिकडून लिहून पाठवते."

बार्शी काही लांब नाही. एसटीनं दुपारचं निघालं तर दिवेलागणीला माणूस पोचतं. पण ताईंचा दिवस आईंच्या मागे कसा उगवायचा आणि मावळायचा ते त्यांनाच ठाऊक. लिहून काही आलं नाही. फूल वाळलं, झाडताना गेलं. त्यानंतर कितीतरी सकाळी दार उघडलं की मला वाटायचं, आता बांगड्या वाजतील.

काही दिवसांनी मुकुंदसर म्हणाले, "आशिष, गिऱ्हाईक विचारतंय, तुमचा तपासनीस अवस्था कशा ओळखतो ते लेखी द्या. हा जुना आता कुणाला कळत नाही. तुला लिहून काढता आलं तर ठेवू याला. नाहीतर बाहेरून तयार आणू आणि हा बंद करू."

मी बंद होणार की राहणार, ते आता त्या लिखाणावर होतं. आशिषसर मनाचे वाईट नाहीत, मित्रांनो. ते मन लावून लिहायला बसले. पहिला शब्द लिहिला, 'धरला'. समजला. 'ठाऊक नाही' हाही समजला. पण 'सोडला' आणि 'मोडला' यांपाशी ते अडले. त्यांच्या घरी कुणी उपास करत नाही. ते स्वतःशीच म्हणाले, "दोन्हीकडे कुलूप निघालेलंच आहे. एकाच गोष्टीला दोन नावं कशाला?" आणि लिखाण नीट दिसावं म्हणून त्यांनी माझ्यातले ते दोन शब्द एक करून टाकले. 'मोडला' पुसला गेला. राहिला नुसता 'सोडला'.

मला दुखलं नाही. तसं दुखायला मला काही नाही. पण ज्या वाटेवर मी आधी थबकायचो, तिथून आता मी सरळ पुढे जाऊ लागलो. माझे इशारे कमी झाले. मुकुंदसर खूश झाले. "बघ, आता कसा शहाण्यासारखा गप्प असतो!" म्हणाले. इतकं कौतुक माझं ताईंच्या वेळीही झालं नव्हतं. आणि मला मात्र सारखं वाटत होतं, ताई असत्या तर त्यांनी हात मांडीवर घेतले असते.

अशात नातेपुत्याची सृष्टी कचेरीत लागली. शिकलेली इंजिनिअर, पण बोलणं गावाकडचं, आणि त्याची तिला मुळीच लाज नाही. आशिषसरांनी लिहिलेल्या पानांना एक चांगलं उदाहरण जोडून ती पूर्ण करायचं काम तिच्याकडे आलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या सगळ्या मागांसाठी नवा प्रोग्राम तयार झाला होता. मी तो वाचून 'ठीक आहे' म्हणून सांगितलं होतं. दुपारनंतर तो जाणार होता, त्याआधी लिखाण पाहिजे होतं.

त्या दिवशी संकष्टी होती. जेवणाच्या वेळी सृष्टीनं भगरीचा डबा उघडला. शेजारी आशिषसरांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. सृष्टीचे डोळे माझ्या पडद्यावर, हात डब्याकडे. वाचता वाचता तिनं सरांच्या डब्यातली चिमूटभर चटणी भगरीवर घेतली आणि घास तोंडात टाकला. पुढच्या क्षणी ती ताडकन उभी राहिली.

"अगं बया! लसूण!"

"काय झालं?" आशिषसर दचकले.

"शेंगा चालत्यात की उपासाला, म्हनून हात गेला माझा. ह्यात लसूण हाय ते ध्यानातच न्हाय आलं. मोडला की माझा उपास!"

"मग बरं झालं," सर हसले. "संध्याकाळी सोडणारच होतीस. आत्ता सुटला. घे, भाकरी पण घे."

"असं कसं वो सर?"

"का? सुटला काय, मोडला काय. उपास संपला ना? आता जेवायला मोकळी."

सृष्टी चूळ भरून आली आणि त्यांच्याकडे असं बघू लागली, जणू ते दोन आणि दोन पाच म्हणत होते. "सर, तुमी कधी उपास धरला न्हाय व्हय? सोडला म्हंजे चंद्र बघून, निवद दाखवून, आपल्या हातानं सोडला. मग जेवायची परवानगी. मोडला म्हंजे मधीच चुकून तुटला. त्यानं जेवायची परवानगी मिळत न्हाय. उलट लई जपायचं. देवाला हात जोडायचं आन् चंद्र उगवंपतुर तसंच ऱ्हायाचं."

"म्हणजे मोडला तरी धरूनच बसायचं?"

"व्हय! परवानगी सोडल्यावर आस्ती, मोडल्यावर न्हाय."

आशिषसरांच्या हातातली भाकरी खाली आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सृष्टीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या पानाकडे, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "सर, म्याडमच्या वेळी हितं दोन शब्द व्हते का?"

"होते," आशिषसर म्हणाले. "मी एक केले."

दोघं उठून खाली गेले. त्यानंतर जे घडलं ते मी पाहिलं नाही, पण जिन्यातून ऐकू येत होतं, आणि बाकीचं नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. श्रीदेवीला मागापासून लांब उभं केलं. नवा प्रोग्राम मागात घातला. धागा मुद्दाम तोडला, माग थांबला. जिथे श्रीदेवी धागा बांधायला हात घालते, तिथे आशिषसरांनी पुठ्ठ्याची एक नळी ठेवली. मग मेन स्विच बंद केला, आणि परत चालू केला. बटण कुणीच दाबलं नाही.

माझं टेबल थरथरलं.

खालून एक कडकन आवाज आला आणि मग श्रीदेवीची किंकाळी. "अय्यो देवरे! हे काय वो! ही नळी न्हाई, माझा हात असता की!"

प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे गेला नाही. सृष्टीनं वर येऊन माझा पुसलेला शब्द मला परत दिला. आशिषसर शेजारी उभे राहून सांगत होते, हे इथे होतं, ते तिथे होतं. तिनं मला चालू केलं आणि मी तोच प्रोग्राम पुन्हा वाचला. लाईट जाण्याच्या वाटेवर पोचलो. कुलूप गळालेलं. कुणी सोडलेलं नाही. मोडला. पुढची ओळ, माग सुरू करा. मी थबकलो आणि ओरडलो. किती दिवसांनी ओरडलो, मित्रांनो!

मग आशिषसरांनी बार्शीला फोन लावला आणि फोन माझ्या टेबलावर ठेवला. मोठ्या आवाजात.

"आशिष? बोल रे."

तोच आवाज. न चढणारा. मी काहीच वाचत नव्हतो, तरी सगळं थांबवून ऐकत होतो.

सरांनी घडलं ते सांगितलं. काही लपवलं नाही. ताईंनी पहिल्यांदा विचारलं, "श्रीदेवीला लागलं नाही ना?" आणि मग म्हणाल्या, "ती दोन नावं का ठेवली, ते मीच लिहायला हवं होतं. राहूनच गेलं बघ." मग त्यांनी सृष्टीला गुरुवारची गोष्ट सांगितली. वाटी धुतलेली, वात कोरी, आणि आई म्हणायच्या ते, मग धरलेलाच समज.

"म्याडम, हीच गोष्ट लिवू का मी उदाहरण म्हनून?" सृष्टीनं विचारलं.

ताई उत्तर देणार एवढ्यात मागून एक थकलेला आवाज आला. "कोण गं, निवे?"

"सोलापूरचे, आई. ऑफिसातले."

"त्यांना म्हणावं, जेवून घ्या." आणि लगेच, "मी जेवले का गं?"

"जेवलीस, आई," ताई म्हणाल्या. "मीच वाढलं. दहीभात खाल्लास."

मित्रांनो, ताई का गेल्या ते मला त्या क्षणी कळलं. आईंच्या त्या प्रश्नाला 'ठाऊक नाही' म्हणायची वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून त्या गेल्या होत्या. आता तिथे खुणा शोधाव्या लागत नाहीत. वाटीही त्याच धुतात आणि वातही त्याच लावतात. आईंना रोज खरं उत्तर मिळतं. ताईंचं ते 'ठाऊक नाही' तेवढं माझ्याकडे राहिलं.

"लिही गं," ताई सृष्टीला म्हणाल्या. "आईचं नाव मात्र घालू नकोस. संकोचेल ती."

"ताई, एकदा येऊन जा की," आशिषसर म्हणाले. "याला बघायला."

पलीकडून हसण्याचा बारीकसा आवाज आला. "बघू रे. आईचं कसं जमतंय बघते." आणि मग, सवयीनं, "हं, चल. ठेवते."

ते 'चल' मला म्हटलेलं नव्हतं. तरी माझ्या पडद्यावरचा तो छोटा उभा दांडा लुकलुकतच राहिला.

सृष्टीनं लिखाण पुरं केलं. माझी प्रत्येक अवस्था, ती कुठे धरतो, वाटा एकत्र आल्यावर काय करतो, हे सगळं त्यात आहे. आणि प्रत्येक ठिकाणी 'का' हेही आहे. मुकुंदसरांनी वाचून कपाळाला हात लावला. "अगं, गिऱ्हाईक काय म्हणेल? मागाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उपास?"

"गिऱ्हाईक पन चतुर्थी धरतंय की सर," सृष्टी म्हणाली.

मुकुंदसर हसले आणि ते पान तसंच राहिलं. मला बंद करायचं तूर्त राहिलं आहे. पुढेमागे बाहेरचा नवा तपासनीस येईलही, मी जुना झालोच आहे. तो आला तरी ते चार शब्द त्याला वाचून दाखवायचे, असं सृष्टीनं आशिषसरांकडून कबूल करून घेतलं आहे. मला आता त्याची भीती वाटत नाही. खाली श्रीदेवी धागा बांधते, बटण दाबते, माझं टेबल थरथरतं, आणि मी पुढचा प्रोग्राम उघडण्याची वाट पाहतो.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी माझ्यासारखं काही घडवाल, कुणी दुसऱ्यानं घडवलेलं सांभाळाल. घडवाल तेव्हा ते असं का केलं, हे मागून येणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून ठेवा. उद्या लिहू म्हणू नका, उद्या घरी कुणाला तुमची गरज लागेल. आणि दुसऱ्याचं सांभाळाल तेव्हा न कळलेलं पुसून टाकू नका. फोन लावा, विचारा. न कळलेल्या शब्दाखाली कुणाचा हात असतो, ते वरच्या मजल्यावरून दिसत नाही.

एवढंच सांगायचं होतं. आता सृष्टी येईल. ती फूल आणत नाही, पण बसण्याआधी टेबलाची ती कड पुसते आणि तिथे काही ठेवत नाही. ती जागा ताईंची, हे तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.

निवेदिताताई परत येतील का? मी सगळ्या वाटा चालून पाहिल्या. एका वाटेवर त्या येतात, एका वाटेवर येत नाहीत, आणि दोन्ही वाटा रोज सकाळी कचेरीच्या याच दारापाशी येऊन मिळतात. तेव्हा खरं तेच सांगतो, मित्रांनो. ठाऊक नाही.

आणि ठाऊक नसेल, तर उपास धरलेलाच समजायचा.